दुसरी फेरी

ज्या आराखड्यात एका वारलेल्या बाईला काम नेमून दिलं होतं, त्याला मंजुरी देणाऱ्या सात जणांत मी एक होते. आराखडा व्लास्तिमिल दोहनालेक यांचा. गोष्टही त्यांचीच आहे, माझी नाही. पण हात मीही वर केला होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणपणा शिकवतेय असं वाटणार नाही.

चेक देशातल्या ब्रनोमध्ये मला सोळा वर्षं झाली. आमची कचेरी शहराच्या उत्तरेला, ट्राम संपते तिथून दहा मिनिटं चालत. आम्ही 'लीपा' नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बनवतो. कॉम्प्युटर चालू केल्यावर जे सगळ्यात आधी जागं होतं, ते. लीपा फुकट मिळते, त्यामुळे ग्रंथालयं, शाळा, लहान गावांच्या कचेऱ्या ती वापरतात आणि काही बिघडलं की आम्हाला रागाची पत्रं लिहितात. वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, तिची नवी आवृत्ती निघते. त्या आवृत्तीत एका जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी प्रत बसवायची असते, आणि ते काम दोहनालेकसाहेबांचं.

भाषेचं नाव सांगत नाही. तिची टिंगल करणारे उदंड आहेत, त्यांना आणखी निमित्त नको. म्हातारी झाली, तिच्यात आता कुणी काही नवं लिहीत नाही, असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या घरातली मोरी मात्र अजून तीच धुते. लीपामधली तीन हजार दोनशे पॅकेजं, म्हणजे लहानमोठे प्रोग्रॅम, तिच्या खांद्यावर उभी आहेत.

ती बदलायची म्हणजे काय करायचं, हे मी एकदा आईला फोनवर सांगत होते. म्हटलं, "आई, दही लावायला विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे दहीच. घरात दह्याचा थेंब नसला तर काय करशील?"

"मिरचीची देठं टाकीन दुधात," आई म्हणाली. "पण ते दही खायचं नाही गं. त्याचं विरजण लावून दुसरं लावायचं. ते खायचं."

आईला जे दोन वाक्यांत कळलं, ते आमच्या वरच्यांना सतरा वर्षांत कळलेलं नाही. नवी भाषा आली की प्रत्येक पॅकेज नव्याने बांधावं लागतं. बांधताना त्याच्या चाचण्या चालतात: हे नीट चालतंय का, ते नीट चालतंय का. पण या पॅकेजच्या चाचण्यांना ते पॅकेज आधी बांधलेलं लागतं, आणि त्याच्या चाचण्यांना हे. अशी एकमेकांत अडकलेली त्रेचाळीस आहेत. म्हणून पहिल्या फेरीत त्या त्रेचाळिसांच्या चाचण्या बंद करतात आणि ती डोळे मिटून बांधतात. हे मिरचीच्या देठाचं दही. सगळं उभं राहिलं की दुसऱ्या फेरीत त्यांच्या चाचण्या चालू करून ती पुन्हा बांधतात. यात एकच गोम आहे. यादीत पॅकेजपुढे हिरवा दिवा लागतो तो तपासून बरोबर निघालं तरी लागतो, आणि तपासलंच नाही तरी लागतो.

पहिली फेरी दोहनालेकसाहेबांची. दुसरी लिद्मिला शेबेस्तोवा यांची. सतरा वर्षं हे असंच चाललं.

दोहनालेकसाहेब आता चौसष्टचे. जन्म टेकड्यांमधल्या एका खेड्यातला, वडील लाकडाच्या वखारीत. बाविसाव्या वर्षी ते सरकारी गणनकेंद्रात लागले. तिथे ते भोकं पाडलेली कार्डं चॉकलेटच्या रिकाम्या डब्यातून एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर न्यायचे. एकदा जिन्यात डबा पडला आणि साडेसहाशे कार्डांचा क्रम गेला. तो त्यांनी पायरीवर बसून तीन तासांत पुन्हा लावला. स्वतःबद्दल ते एवढी एकच गोष्ट सांगतात, तीही क्रमाचं महत्त्व पटवायला. लग्न झालं, मोडलं. मुलगा ओस्त्रावाला असतो आणि नाताळात फोन करतो. कचेरीत आल्यावर बूट काढून चौकड्यांच्या सपाता घालायच्या, राखाडी स्वेटर खुर्चीला अडकवायचा, आणि दोन बोटांनी टाइप करायचं. याला आयुष्य म्हणायचं तर म्हणा. ते स्वतः म्हणत नाहीत.

कचेरीत सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मोठ्या साहेबालासुद्धा. फक्त हे दोघं एकमेकांना अहो-जाहो करायचे, आणि आम्हीही त्यांना. इकडच्या रीतीप्रमाणे पहिल्यांदा 'तू म्हणा' असं वयाने मोठ्याने किंवा बाईने सुचवायचं असतं, आणि सोबत एक पेला रिचवायचा असतो. शेबेस्तोवाबाई दोन वर्षांनी मोठ्या, वर बाई. त्यांनी कधी सुचवलं नाही. त्या त्यांना 'इंजिनिअरसाहेब' म्हणायच्या आणि ते त्यांना नुसतं 'बाई'.

"इंजिनिअरसाहेब, तुमच्या पहिल्या फेरीत कुठेतरी माशी शिंकलीय."

"बाई, तुम्ही आधी चष्मा पुसा."

"पुसूनच बघितलं. चूक आणखी स्वच्छ दिसली."

असं दिवसभर चालायचं. सव्वाअकराला दोघं जेवायला खाली जायचे, बाकीचे बारानंतर. बाई हळू जेवायच्या. ताटातल्या सहा क्नेडलिकांपैकी, म्हणजे उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांपैकी, दोन साहेबांच्या ताटात सरकवायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, नाहीतर सूप झाल्यावर माझ्याकडे बघत बसाल." ते आठ क्नेडलिक खाऊन मोकळे व्हायचे आणि बाईंचं होईपर्यंत दहा मिनिटं बसून राहायचे. यात प्रेम होतं का, असं मला नव्या आलेल्या पोरी विचारायच्या. मी म्हणायचे, मला काय माहीत. खरंच माहीत नव्हतं.

मार्चमध्ये एका रविवारी शेबेस्तोवाबाई आपल्या बागेतल्या लाकडी घरात सफरचंदाच्या फांद्या छाटता छाटता गेल्या. हृदय. सोमवारी त्यांच्या बहिणीने काळ्या चौकटीची सूचना ईमेलने पाठवली. तिच्यात इकडे नेहमी असतं तेच वाक्य होतं: अखेरचा निरोप कोणत्याही विधीविना. दहन झालं, राख हिरवळीवर विखुरली. ना दगड, ना नाव, ना दिवा लावायला जागा. आमचा राडोवान कुबिचेक, म्हणजे आवृत्तीचा प्रमुख, चांगला माणूस आहे. त्याने ती सूचना छापून खालच्या फळ्यावर, आठवड्याच्या जेवणाच्या यादीशेजारी टाचली. सोमवारी लसणाचं सूप होतं.

सव्वाअकराला दोहनालेकसाहेब एकटे खाली गेले. मीही मागोमाग गेले आणि त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले. आमच्या साताऱ्याकडे असं झालं तर तेरा दिवस घर वाहतं राहतं. रडायचं नसलं तरी रडवतात, जेवायचं नसलं तरी भरवतात. इथे काय करतात ते मला सोळा वर्षांत कळलं नव्हतं.

"फार वाईट झालं, दोहनालेकसाहेब."

"हो," ते म्हणाले. "बस किंवा जा. सूप गार होतंय."

मी गेले. त्यांनी सहा क्नेडलिक खाल्ले आणि नंतर दहा मिनिटं बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी मी बघणं सोडलं. खरं सांगायचं तर मलाही काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही वाटत नव्हतं. बाईंच्या सपाता त्यांच्या टेबलाखाली होत्या. झाडू मारणारी बाई त्या उचलायची आणि झाडून झालं की परत तिथेच ठेवायची.

मे महिन्यात आराखडा आला.

आमच्याकडे प्रत्येक मोठ्या बदलाचा आराखडा एका ठरलेल्या पानावर लिहितात. कोण करणार, फायदा काय, कोणी कोणती फेरी करायची, जमलं नाही तर काय करायचं. पान कुणी कोरं भरत नाही. मागच्या वर्षीचं उचलायचं आणि आकडे बदलायचे. इतकी वर्षं सगळ्यांनी तेच केलंय, मीही करते. दोहनालेकसाहेबांनी आवृत्तीचा आकडा बदलला, भाषेचा आकडा बदलला, तारखा बदलल्या. बाकी पान होतं तसंच राहिलं. जबाबदार: दोहनालेक, शेबेस्तोवा. पहिली फेरी: दोहनालेक. दुसरी फेरी: शेबेस्तोवा. जमलं नाही तर: आजवर गरज पडलेली नाही.

मंडळात आम्ही सात जण, पाच देशांत विखुरलेले. सगळ्यांनी पान वाचलं. सगळ्यांना ती ओळ दिसली. मंजुरीच्या आदल्या दिवशी राडोवानने मला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं.

"बघितलंस ना वैजा, नाव तसंच ठेवलंय."

"बघितलं."

"मान म्हणून ठेवलं असेल म्हाताऱ्याने. राहू दे. दुसरी फेरी तोच करेल, आणखी कोण करणार?"

"एकदा विचारायचं का?"

"तू विचार की."

"प्रमुख तू आहेस."

"म्हणूनच नको. मी विचारलं की ते सरकारी वाटतं."

"आणि मी विचारलं की भोचकपणा."

तेव्हा आम्ही कॉफी घेतली आणि आपापल्या खोलीत गेलो. दुसऱ्या दिवशी सातही मतं बाजूने पडली. कुणी एक शब्द विचारला नाही. मला तेव्हा ते फार सुसंस्कृत वाटलं होतं.

हा दोहनालेकसाहेबांचा शेवटचा बदल होता. जानेवारीत ते निवृत्त होणार होते. सतरा आवृत्त्यांत त्यांच्या भाषेमुळे आवृत्ती एक दिवसही अडली नव्हती. असं सांगता येईल असा आमच्यात दुसरा कुणी नाही. राडोवानने ठरवलं होतं की ऑक्टोबरात आवृत्ती निघेल त्या दुपारी खाली छोटासा निरोप करायचा. भाषेचं मूळ जपणाऱ्या लोकांपैकी एक जण त्यासाठी परदेशातून येणार होता.

जुलैत पहिली फेरी झाली. नऊ दिवसांत तीन हजार दोनशे पॅकेजं. ते सकाळी सातला यायचे, तीनला जायचे, जेवायला सव्वाअकराला. ऑगस्टात काम गोठलं, म्हणजे आता नवं काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. यादी वरपासून खालपर्यंत हिरवी होती. सप्टेंबर गेला.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी, 'सोडायची की थांबवायची' या बैठकीच्या आदल्या दिवशी, एका लहान गावातल्या ग्रंथपाल बाईंचं पत्र आलं. त्या बिचाऱ्या दर वर्षी चाचणीची आवृत्ती लावून बघतात. पत्रात पुस्तक परतीच्या चिठ्ठीचा फोटो होता. त्यावर छापलं होतं: ३१ नोव्हेंबर. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'हा दिवस तुमच्याकडे असेल, आमच्या गावात नसतो.'

मी तारखेचं पॅकेज उघडलं. तारखेची चूक चाचणीत अडकायलाच हवी होती. चाचणी बंद होती. मी त्याच्या वरचं पॅकेज उघडलं. बंद. त्याच्या वरचं. बंद. पाच-सहा झाल्यावर मी मोजणं थांबवलं, कारण आकडा मला माहीत होता. त्रेचाळीस.

त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते पेन्सिलला टोक काढत होते.

"दोहनालेकसाहेब, दुसरी फेरी झाली का?"

"ती बाईंकडे असते," ते म्हणाले.

पेन्सिल फिरत राहिली. मला वाटतं अर्धं मिनिट गेलं असेल. मग फिरणं थांबलं. त्यांनी पेन्सिल टेबलाच्या कडेला समांतर ठेवली, टरफलं तळहाताने गोळा केली आणि टोपलीत टाकली.

"मी त्यांना आठवण करायला हवी होती," ते म्हणाले.

अगदी सरळ आवाजात म्हणाले. वेड लागलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो. त्यांना सगळं माहीत होतं. बाई गेल्या हे माहीत होतं, पानावर नाव आहे हे माहीत होतं. दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या आणि सात महिने त्यांनी त्या एकमेकींना लागू दिल्या नव्हत्या.

राडोवानला सांगणं भाग होतं. तो धावत आला, दार लावलं आणि उभ्यानेच बोलायला लागला.

"ऐका. उद्या 'सोडा' म्हणायचं. परवापासून दुसरी फेरी शांतपणे करू आणि पहिल्या दुरुस्तीत घालू. आठ दिवसांत सगळं जागेवर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आठ दिवस लोक काय वापरतील?" दोहनालेकसाहेबांनी विचारलं.

"हेच. चालतंय की! तारीख सोडली तर काय मोडलंय?"

"माहीत नाही. कुणी तपासलेलं नाही."

"अहो, सतरा वर्षांत एकदाही अडली नाही. शेवटच्या वेळी कशाला डाग लावून घेता? माणूस विमानात बसायचाय तिकडून!" राडोवान माझ्याकडे वळला. "वैजा, तू सांग यांना."

मी म्हटलं, "राडोवान म्हणतोय तसंही करता येईल." हे मी म्हटलं. आता लिहिताना वाक्य बदलावंसं वाटतं, पण म्हटलं ते म्हटलं.

दोहनालेकसाहेब 'बघू' म्हणाले आणि तीन वाजता सपाता काढून घरी गेले.

बैठक गुरुवारी दुपारी, नेहमीसारखी लेखी झाली. सगळे आपापल्या पडद्यासमोर बसतात आणि जे बोलायचं ते टाइप करतात. हेलसिंकीची आयनो नोंदी ठेवते. ती एकेका विभागाचं नाव घेते आणि त्या माणसाने 'सोडा' किंवा 'थांबवा' लिहायचं. 'थांबवा' म्हटलं तर कारण द्यावं लागतं, आणि ते कारण नोंदीत कायमचं राहतं. जगात कुणीही, केव्हाही वाचू शकतो.

गाभा: सोडा. छपाई: सोडा. जाळं: सोडा. मग आयनोने भाषेचं नाव घेतलं.

मी भिंतीपलीकडून त्यांच्या दोन बोटांचा आवाज ऐकत होते. टक, टक. पडद्यावर आलं: 'थांबवा.'

'कारण?' आयनोने विचारलं.

'दुसरी फेरी झालेली नाही. त्रेचाळीस पॅकेजं तपासलेली नाहीत.'

'का झाली नाही?'

बोटं थांबली. राडोवानची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण तो उठला नाही. मग पुन्हा टक, टक, फार वेळ.

'ज्यांच्याकडे होती त्या मार्चमध्ये वारल्या. मी आराखड्यात त्यांचं नाव तसंच ठेवलं. ही माझी चूक आहे.'

आमच्यापैकी प्रत्येकाने ते पान वाचलं होतं, आणि प्रत्येक जण आता आपापल्या देशात बसून तेच आठवत होता. मग मी लिहिलं, 'चूक मंडळाचीही. आम्ही वाचून मंजूर केलं होतं. थांबवा.' माझ्यानंतर बाकीचे एकेक करून लिहू लागले, आणि सगळ्यात शेवटी राडोवानने लिहिलं. शेवटी आयनोने विचारलं, 'नोंदीत त्यांचं नाव काय लिहू?'

'पूर्ण लिहा,' दोहनालेकसाहेबांनी टाइप केलं. 'लिद्मिला शेबेस्तोवा. सतरा आवृत्त्या.'

आयनोने लिहिलं. आवृत्ती आठवडाभर पुढे गेली. विमानात बसणारा माणूस बसला नाही.

शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं. आमच्याकडे बदल एकाने करायचा आणि दुसऱ्याने बघून मंजूर करायचा, असा नियम आहे. मंजूर करायला मी. दुसरी खुर्ची बाईंची होती. मी बसायला गेले तर म्हणाले, "तिचा एक पाय हलतो. मागे रेलू नकोस."

दुसरी फेरी बाईंच्या क्रमाने करायची, असं त्यांनी ठरवलं. मी म्हटलं, तारखेचं पॅकेज आधी घेऊ, त्याची चूक ठाऊक आहे. ते म्हणाले, "बाईंच्या यादीत ते शेवटी आहे. शेवटी घेऊ." क्रमाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

प्रत्येक पॅकेजला एक इतिहास असतो, कोणी केव्हा काय बदललं त्याच्या ओळींचा. आम्ही एकेक उघडत गेलो. प्रत्येकात सतरा ओळी सारख्याच होत्या: 'चाचण्या पुन्हा चालू. लि. शे.' वर्ष बदलायचं, ओळ तीच. त्यांनी अठरावी ओळ घालायची, चाचण्या चालवायच्या, हिरवा दिवा लागला की मी मंजूर करायचं. शुक्रवारी अकरा झाली, सोमवारी चौदा. सव्वाअकराला मीही त्यांच्यासोबत खाली जाऊ लागले. मी भराभर जेवते, तरी नंतर दहा मिनिटं बसायचे. मंगळवारी दोन पॅकेजं अडली, किरकोळ कारणांनी. ती दुरुस्त झाली. मला वाटत होतं, त्या बोटांना काही कळत नाहीये. कोण्या तिऱ्हाइताची यादी संपवावी तसे ते एकेक खूण करत होते.

बुधवारी सकाळी अकराला त्रेचाळिसावं आलं. तारखेचं.

त्यांनी बंद केलेली चाचणी चालू केली आणि बांधायला लावलं. दिवा लाल झाला. पडद्यावर चूक दाखवणारा संदेश उमटला. आमच्याकडे सगळं लिखाण इंग्रजीत करायचा कडक नियम आहे. एकदा माझा एक चेक शब्द राहिला होता तर शेबेस्तोवाबाईंनी मला दहा मिनिटं सुनावलं होतं, 'घरी लिहीत जा घरच्या भाषेत.' पडद्यावरचा संदेश चेकमध्ये होता.

मी इतिहास बघितला. ती चाचणी बाईंनी आठ वर्षांपूर्वी घातली होती. तेव्हा लीपासाठी या पॅकेजमध्ये एक जोड, म्हणजे आमच्यापुरत्या चार जास्तीच्या ओळी, लावताना दोहनालेकसाहेबांनी महिन्याच्या दिवसांचा एक आकडा चुकवला होता. या वर्षी नव्या भाषेसाठी तीच जोड त्यांनी हाताने पुन्हा लावली होती, आणि तोच आकडा तसाच चुकवला होता.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. पडदा त्यांच्यासमोरच होता.

मी वाचलं. "नोव्हेंबर तीस तारखेला संपतो, इंजिनिअरसाहेब. पुन्हा?"

"परत वाच."

"नोव्हेंबर तीस तारखेला संपतो, इंजिनिअरसाहेब. पुन्हा?"

"हो बाई," ते म्हणाले. "पुन्हा."

आणि ते रडायला लागले. आवाज करून, तोंड उघडं टाकून, दोन्ही हात कीबोर्डच्या दोन बाजूंना ठेवून. चष्मासुद्धा काढला नाही. सात महिने जे कुणी होऊ दिलं नव्हतं, ते सगळं. मी उठून दार लावलं आणि परत येऊन त्या हलणाऱ्या खुर्चीत बसले. पाठीवर हात ठेवावा का, कळलं नाही. मग ठेवला. माझे स्वतःचे डोळे कोरडेच होते, आणि त्या वेळी पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली.

सव्वाअकरा वाजून गेले. साडेअकराही. त्यांनी स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं, चुकलेला आकडा शोधला, एकतीसचे तीस केले आणि पुन्हा बांधायला लावलं. दिवा हिरवा झाला. 'पुन्हा?' हा संदेश इंग्रजीत करायचा का, असं मी नियमाला धरून विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला.

दुरुस्तीच्या फॉर्मवर एक ओळ असते: चूक कोणी पकडली. ग्रंथपाल बाईंचं नाव मी आधीच भरून ठेवलं होतं. दोहनालेकसाहेबांनी त्यापुढे स्वल्पविराम दिला आणि दोन बोटांनी, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं: लिद्मिला शेबेस्तोवा. मग खुर्ची मागे घेतली आणि मला जागा दिली, कारण मंजुरीचं बटण मला दाबायचं होतं.

वारलेल्या बाईच्या नावावर काम असलेल्या कागदाला मी दुसऱ्यांदा मंजुरी दिली. या वेळी काम बाईंनी केलं होतं.